पहाऱ्यावरची बोट



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे विषय असतात. त्या पंगतीत आज आम्ही एक लोखंडी बोट आणून बसवली आहे. लढाईच्या बोटीची गोष्ट म्हटली की लोकांस तोफा आणि सेनापती आठवतात. आम्ही युनियनची माणसे. आमची खोड अशी की कोणतीही शौर्यगाथा हाती आली, की तीत कामाचे तास किती, जेवण कसले आणि पगार कोणाला किती हे आम्ही आधी शोधतो. या बोटीची गोष्ट आम्हांला आवडली ती त्याच कारणाने. ही बोट लढाईत पहारा करीत होती, आणि लढाई संपल्यावर तिने पुन्हा पहाराच केला. फक्त पहारा कोणासाठी करावयाचा, हे बदलले.

बोटीचे नाव स्नोफ्लेक. नुसता अर्थ पाहिला तर बर्फाचा कण, पण हे एका फुलाचेही नाव आहे. पांढऱ्या लहान घंटेसारखे फूल असते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आणि कॅनडाने मिळून या जातीच्या अडीचशेहून जास्त बोटी बांधल्या आणि इंग्रजांनी आपल्या बोटींना फुलांची नावे दिली. सनफ्लॉवर म्हणजे आपले सूर्यफूल होते. मॅरिगोल्ड म्हणजे झेंडू; या झेंडूने १९४१ च्या नोव्हेंबरात एक जर्मन पाणबुडी बुडवली. झेंडूच्या हातून मरण यावे याचे त्या पाणबुडीवाल्यांना काय वाटले असेल, देव जाणे.

या बोटीला कॉर्व्हेट म्हणत. तिचा जन्म आरमाराच्या कचेरीत झाला नाही. इंग्लंडच्या ईशान्येस मिडल्सब्रोजवळ साउथ बँक येथे स्मिथ्स डॉक नावाची गोदी होती. तेथे दक्षिण ध्रुवाकडे देवमासे मारावयास जाणाऱ्या बोटी बांधीत. १९३६ साली तेथे बांधलेल्या सदर्न प्राइड नावाच्या अशाच एका बोटीवरून विल्यम रीड या तेथल्या नकाशेकाराने कॉर्व्हेटचा आराखडा केला. लांबी २०५ फूट, एकच पंखा, वेग ताशी १६ नॉट. इंजिन जुन्या चालीचे, वाफेवर दट्ट्या वरखाली होणारे. आरमारी अधिकाऱ्यांनी नाक मुरडावे असेच सारे. पण यात मोठे शहाणपण होते. युद्धनौका बांधणाऱ्या बड्या गोद्या आधीच कामात बुडालेल्या होत्या. ही बोट मात्र मालाच्या आणि मासेमारीच्या बोटी बांधणाऱ्या लहान गोदीतले रिव्हेट मारणारे कामगार बांधू शकत होते आणि तिचे इंजिन व्यापारी बोटीवरचा कोणताही इंजिनवाला डोळे मिटून चालवू शकत होता. साम्राज्य अडचणीत आले तेव्हा त्याला त्या कामगारांची कला कामी आली. स्नोफ्लेक याच स्मिथ्स डॉकमध्ये बांधली गेली आणि १९४१ च्या अखेरीस कामावर रुजू झाली.

आता तिचे काम काय, ते सांगतो. इंग्लंड हे बेट. त्याचे धान्य, तेल, लोखंड, लाकूड सारे समुद्रातून यावयाचे. जर्मन पाणबुड्यांनी एकएकटी मालबोट गाठून बुडवू नये म्हणून चाळीस-पन्नास मालबोटींचा तांडा करीत आणि त्याच्या भोवती अशा पाच-सात पहारेकरी बोटी ठेवीत. मेंढरांभोवती धनगराची कुत्री असतात तशा. पाण्यात आवाज सोडावयाचा, प्रतिध्वनी कोठून येतो ते ऐकावयाचे, आणि पाणबुडी सापडली की तिच्यावर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात ठराविक खोलीवर फुटणारी दारूची पिंपे, टाकावयाची. तांड्याचा वेग ताशी सात-आठ नॉट. गंमत अशी की, पाण्यावर आलेली पाणबुडी या कॉर्व्हेटपेक्षा जलद पळत असे. पहारेकरी चोरापेक्षा मंद, पण पहाऱ्याचे कामच मुळी पळण्याचे नसते. जागा न सोडण्याचे असते.

बोटीवर ऐंशी-पंचाऐंशी माणसे कोंबलेली. ही बोट ओल्या गवतावरही डुलेल, असा खलाशांचा विनोद होता. सुरुवातीच्या बोटींत स्वयंपाकघर मागे आणि माणसांची निजण्याची जागा पुढे. मधल्या उघड्या डेकवरून लाटा जात असताना तेथून जेवणाची भांडी न्यावयाची. पोहोचेपर्यंत जेवण थंड आणि वर खारे. कपडे पंधरा-पंधरा दिवस वाळत नसत. या हालांसाठी आरमारात वेगळा भत्ता होता. भत्ता मिळाला की हाल कमी होतात असा मालकवर्गाचा समज सर्व देशांत सारखाच दिसतो.

आणि ज्यांची राखण चालली होती ते मालबोटीवरचे खलाशी? लढाईच्या पहिल्या दीड वर्षात इंग्रज मालबोट बुडाली की खलाशाचा पगार त्याच दिवशी बंद होई. कारण सरळ होते: बोट नाही, तर नोकरी नाही. माणूस थंडगार पाण्यात होडीला धरून बसला आहे, आणि कंपनीच्या वहीत त्याचे नाव खोडले गेले आहे. मंडळी, हा नियम कोणी राक्षसाने केला नव्हता. तो नेहमीचा करार होता, शांततेच्या काळात कोणाच्या डोळ्यांत खुपला नव्हता. १९४१ च्या मे महिन्यात, खलाशी मिळेनासे होऊ लागले तेव्हा, सरकारने नवा हुकूम काढून तो बदलला.

त्या मालबोटींवर आपलीही माणसे होती. इंग्रजी व्यापारी बोटींवरचे चार खलाशांपैकी सुमारे एक हिंदी असे. सिल्हेटचे, चितगावचे, पंजाबचे, गोव्याचे, आणि आपल्या रत्नागिरीचे. सारंग, टांडेल, आगवाला, तेलवाला, भंडारी हे शब्द कोकणातल्या कितीतरी घरांत कुळाच्या नावांइतके ओळखीचे आहेत. या माणसांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता. १९३९ साली लढाई पेटताच त्यांनी इंग्लंडच्या बंदरांत काम थांबवले, पगार वाढवून मागितला. कितीतरी जणांना तुरुंगात घातले गेले. तरीही वाढ द्यावी लागली. पाणतीर कातडीचा रंग पाहून फुटत नाही, एवढी गोष्ट कंपन्यांना त्या संपाने शिकवली. युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. बहुतेकांना कबर नाही, चिताही नाही.

आता १९४३ च्या वसंतात या. एप्रिलच्या उत्तरार्धात इंग्लंडहून अमेरिकेच्या बाजूस एक मंद तांडा निघाला. सरकारी कागदात त्याचे नाव ओ. एन. एस. ५. त्याच्या पहाऱ्यावर पीटर ग्रेटन या अधिकाऱ्याची तुकडी होती: डंकन, विडेट, टे, लूझस्ट्राइफ, पिंक, सनफ्लॉवर आणि आपली स्नोफ्लेक. आठवडाभर वादळ. इतके, की तेलाच्या बोटीकडून समुद्रात तेल भरून घेणे जमेना. शेवटी ग्रेटनची स्वतःची बोट डंकन तेल संपत आले म्हणून न्यूफाउंडलंडकडे गेली आणि तुकडीचा ताबा टे या बोटीवरच्या रॉबर्ट शेरवूड यांच्याकडे आला. शेरवूड राखीव दलातले. मूळचे व्यापारी आरमाराचे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

या तांड्याच्या वाटेवर चाळिसांहून अधिक पाणबुड्या पसरल्या होत्या. चार आणि पाच मे या दोन दिवसांत त्यांनी बारा मालबोटी बुडवल्या. एक त्याआधीच गेली होती. त्यांत घरिंडा नावाची एक बोट होती, ब्रिटिश इंडिया कंपनीची. मुंबईच्या गोदीत जिला नुसते बी. आय. म्हणत तीच ही कंपनी. तिच्या बोटींवर खलाशी हिंदीच असावयाचे, हा तिचा रिवाज. घरिंडा बुडाली आणि तिच्यावरच्या ब्याण्णव माणसांना शेरवूड यांच्या टे बोटीने पाण्यातून वर घेतले. ब्याण्णवच्या ब्याण्णव. भोवती पाणबुड्या असताना ही बोट थांबली, हे विसरू नका. थांबलेली बोट म्हणजे आयते लक्ष्य.

पाच मेची रात्र झाली आणि धुके उतरले. पाणबुडीवाल्यांना वाटले असेल, आता काम सोपे. पण पहारेकरी बोटींवर नवे रडार बसले होते. धुक्यात पाणबुड्या आंधळ्या झाल्या आणि पहारेकऱ्यांना मात्र दिसत होते. त्या रात्री एकामागून एक पाणबुड्या गाठल्या गेल्या. त्या लढाईत मिळून सहा बुडाल्या. मे महिना संपेपर्यंत जर्मनांच्या एकेचाळीस पाणबुड्या गेल्या आणि त्यांचा सेनापती डोनिट्झ याने चोवीस मे रोजी त्यांना उत्तर अटलांटिकमधून मागे बोलावले. मोठ्या इतिहासात या लढाईला मान आहे तो यामुळे.

आम्हांला मात्र त्या रात्रीतली एक लहान गोष्ट सोडीत नाही. ओरिबी नावाच्या विनाशिकेने एका पाणबुडीला धडक देऊन जखमी केले होते. तिचा क्रमांक यू-१२५. काही वेळाने ती स्नोफ्लेकच्या रडारवर आली. स्नोफ्लेकचे कप्तान हॅरोल्ड चेस्टरमन. दिव्याच्या झोतात पाहतात तो पाणबुडी मोडकळीस आलेली, आणि तिच्यावरची माणसे पाण्यात उड्या टाकीत आहेत. पाणबुडी बुडाली. पोरे पाण्यात राहिली. होय, पोरेच, पाणबुड्यांवर बहुतेक विशी-पंचविशीतले असत. चेस्टरमन यांनी शेरवूडना बिनतारी संदेश पाठवून विचारले, यांना वर घेऊ काय? उत्तर आले, परवानगी नाही. स्नोफ्लेक वळली आणि आपल्या जागेवर गेली. चोपन्न माणसे होती. एकही वाचला नाही.

शेरवूड यांना आम्ही दोष देत नाही. उरलेल्या मालबोटी, त्यांवरची शेकडो माणसे, भोवती किती पाणबुड्या याचा पत्ता नाही, डेप्थ चार्ज संपत आलेले. हेच गृहस्थ काही तासांपूर्वी ब्याण्णव माणसांसाठी थांबले होते. घरच्यांसाठी थांबले, शत्रूसाठी थांबले नाहीत. युद्धात पहाऱ्याचा हाच अर्थ होतो. पण आम्हांला चेस्टरमन यांनी प्रश्न विचारला, याचे मोल वाटते. नियम ठाऊक असतानाही ज्याला विचारावेसे वाटते, त्याच्या हातात पहारा द्यावा.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट आहे, आणि तीही एका पहारेकरी बोटीचीच. १९४३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची बिब नावाची बोट दुसऱ्या एका तांड्याबरोबर होती. हेन्री आर. मॅलरी ही माणसे वाहणारी आगबोट पाणतीर लागून बुडाली. बिबच्या टेहळ्याला तिच्या होड्या दिसल्या. तांड्याकडे परत या, असा हुकूम बिबला आला. कप्तान रॉय रेनी यांनी तो मानला नाही. बोट थांबवली, तिचे खलाशी बर्फासारख्या पाण्यात उतरले आणि मॅलरीचे दोनशे दोन जण वर घेतले. सैन्यात हुकूम मोडण्याला काय शिक्षा असते ते सर्वांना ठाऊक आहे. या बिबकडे पुन्हा येतो.

लढाई संपली. शेकडो पहारेकरी बोटी बेकार झाल्या. कामगारांप्रमाणे बोटींचेही असेच असते. निकड सरली की भंगारात. काही कॉर्व्हेट पुन्हा देवमासे मारावयास गेल्या, म्हणजे मूळ धंद्याला लागल्या. काही आपल्याकडे आल्या: चारलॉक नावाची एक कॉर्व्हेट १९४६ साली हिंदी आरमारात येऊन मराठा झाली, पण ते थोडक्या दिवसांचे. ट्रेंट नावाची फ्रिगेट आधी कुकरी आणि १९५१ साली इन्व्हेस्टिगेटर झाली. तिने आपल्या किनाऱ्यांचे पाणी मोजण्याचे काम केले. आणि स्टॉर्मंट नावाच्या कॅनडाच्या फ्रिगेटचे नशीब तर काय सांगावे! नॉर्मंडीच्या स्वारीत होती. ती ओनॅसिस या ग्रीक जहाजमालकाने घेतली आणि १९५४ साली जर्मनीतल्या कील बंदरात तिची क्रिस्टिना नावाची विहारनौका करून घेतली. जेथे पाणबुड्या बांधल्या त्याच गावात. तिच्यावर पुढे चर्चिलसाहेब पाहुणे म्हणून जात. शेकडो खलाशांनी जेथे ओल्या कपड्यांत रात्री काढल्या, तेथे एका माणसाचा दिवाणखाना झाला.

स्नोफ्लेकला मात्र कामाची नोकरी मिळाली. १९४६ साली लंडनमध्ये देशादेशांची एक परिषद भरली. लढाईनंतर अटलांटिकवरून प्रवासी विमाने उडू लागली होती आणि वाटेत हजारो मैल समुद्र, जेथल्या हवेची खबर देणारे कोणी नाही. असे ठरले की, समुद्रात तेरा ठिकाणी कायम एकेक बोट उभी ठेवावी. इंग्लंडच्या वाट्याला दोन ठिकाणे आली आणि त्यांसाठी चार कॉर्व्हेट घेतल्या गेल्या. त्यांची फुलांची नावे गेली. मार्गरिट झाली वेदर ऑब्झर्व्हर, जेनिस्टा झाली वेदर रेकॉर्डर, टाइम झाली वेदर एक्स्प्लोरर, आणि स्नोफ्लेक झाली वेदर वॉचर. हवामानाची पहारेकरीण. स्कॉटलंडमधले ग्रीनॉक हे त्यांचे बंदर.

या ठिकाणांना इंग्रजी अक्षरांवरून नावे होती. इंग्लंडच्या दोहोंपैकी एकाचे अक्षर आय. पुढे १९५६ साली बिनतारीची नवी अक्षरमाला आली तेव्हा त्याला इंडिया म्हणू लागले. आइसलंडच्या दक्षिणेस, जेथे वर्षातले बरेच दिवस वादळ असते, तेथे इंडिया! राज्य गेले तरी नाव कोठेतरी तरंगत राहिले.

काम असे. ग्रीनॉकहून निघावयाचे, आपल्या चौकोनात जावयाचे आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथेच राहावयाचे. वादळ आले तर इतर बोटी वाट बदलतात. ही बदलत नाही, कारण वादळ पाहण्यासाठीच ती आलेली. दर तासाला वारा, दाब, उष्णता, ढग, लाटा यांची नोंद. ठराविक वेळी हायड्रोजनचा फुगा भरून सोडावयाचा. त्याच्याखाली एक लहान यंत्र, ते वर जाता जाता हवेची उष्णता, दाब आणि ओल बिनतारीने सांगत जाई. रडारने फुग्याचा माग ठेवीत आणि त्यावरून वरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग काढीत. ज्या रडारने धुक्यात पाणबुड्या शोधल्या, त्याच विद्येने आता फुगा शोधावयाचा. डुलणाऱ्या डेकवर, वाऱ्याच्या तोंडावर तो फुगा भरून फुटू न देता सोडणे ही कसबाची गोष्ट होती. शिवाय वरून जाणाऱ्या विमानाला तुम्ही कोठे आहात हे सांगावयाचे, आणि कोणी संकटात सापडला तर धावावयाचे.

बोटीवर सुमारे पन्नास माणसे. लढाईतल्यापेक्षा कितीतरी कमी. आरमारातली नव्हेत, साधी नोकरदार. बदलीची बोट येईतो जागा सोडावयाची नाही हा शिरस्ता. पाळीवर काम करणाऱ्यांना तो लगेच कळेल. दुसरी पाळी आल्याशिवाय यंत्र सोडून जाता येत नाही.

एक फरक मात्र फार मोठा आहे. लढाईत हवामान हे गुपित होते. बोटी समुद्रातून खबर पाठवीत नसत, कारण बिनतारी केली की ठिकाण कळे. आपल्या डोक्यावरचे आभाळ कसे आहे हे सांगणे म्हणजे शत्रूला मदत. आता तीच खबर मोकळ्या आभाळात दर काही तासांनी उघड सांगितली जात होती. जो ऐकेल त्याची. जर्मन विमान ऐको, नॉर्वेचा कोळी ऐको. यू-१२५ च्या पोरांपैकी कोणी वाचला असता आणि पुढे मालबोटीवर लागला असता, तर त्यानेही ती ऐकली असती.

या पहाऱ्याची किंमत काय, हे बिबने दाखवले. लढाईनंतर तीही हवामानाच्या कामावर होती. १९४७ च्या ऑक्टोबरात बर्मुडा स्काय क्वीन हे पाण्यावर उतरणारे विमान आयर्लंडहून न्यूफाउंडलंडकडे निघाले. आत एकोणसत्तर माणसे. समोरून वारा इतका, की पेट्रोल पुरेना. वैमानिक सव्वीस वर्षांचा चार्ल्स मार्टिन. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही. त्याने चार्ली नावाच्या ठिकाणी उभ्या असलेल्या बिबकडे विमान वळवले आणि चौदा तारखेस तिच्याजवळ खवळलेल्या समुद्रात उतरवले. रबरी तराफे आणि होड्या यांनी माणसे काढली. पहिल्या दिवशी बरीच, उरलेली रात्रभर हेलकावे खाणाऱ्या विमानात बसून दुसऱ्या दिवशी. एकोणसत्तरच्या एकोणसत्तर वाचली. त्या वेळी अमेरिकेत या बोटींच्या खर्चाला कात्री लागण्याच्या बेतात होती. ती थांबली.

श्रोतेहो, या खर्चाची भांडणे त्यानंतरही चालूच राहिली. प्रत्येक देश म्हणे, तुमची विमाने जास्त, तुम्ही जास्त द्या. पहारेकऱ्याचे दुर्दैव हे की, त्याचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही. काहीच घडले नाही याची पावती कशी दाखवणार? पाणबुडी बुडवली तर पदक आहे. पण वाऱ्याची खबर वेळेवर गेली म्हणून जे विमान वाट बदलून सुखरूप उतरले, त्यातल्या प्रवाशाला आपण वाचलो हे कळतही नाही. वेदर वॉचरवरचा माणूस पहाटे तीन वाजता फुगा सोडून आत येऊन चहा घेई, तेव्हा त्याने कोणाला वाचवले हे त्याला ठाऊक नसे. गिरणीतल्या बॉयलरवरच्या माणसाचेही असेच असते. बॉयलर फुटला तरच त्याचे नाव छापून येते.

कॉर्व्हेट युद्धाच्या घाईत, थोड्या वर्षांसाठी बांधलेल्या होत्या. वेदर वॉचर त्यांतून वीस वर्षे टिकली. १९५८ ते १९६१ या काळात त्या चौघींच्या जागी दुसऱ्या चार जुन्या पहारेकरी बोटी आल्या, कॅसल जातीच्या. वेदर वॉचर १९६२ साली डब्लिनमध्ये मोडीत निघाली. बिब १९८५ पर्यंत कामावर होती. १९८७ साली फ्लोरिडाजवळ मुद्दाम बुडवली, माशांना घर व्हावे म्हणून. फुलांच्या जातीची एकच बोट शिल्लक आहे, कॅनडाची सॅकव्हिल. तीही लढाईनंतर बरीच वर्षे समुद्रसंशोधनाच्या कामावर होती, आता हॅलिफॅक्सला जपून ठेवलेली आहे. उपग्रह आले, जेट विमाने उंचावरून उडू लागली, तशी समुद्रातली ठिकाणे एकेक करून बंद झाली. शेवटची बोट नॉर्वेची पोलरफ्रंट. तिचे ठिकाण एम्. २०१० च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला तिचा पहारा उठला.

आपल्या सहा हजार खलाशांची नावे मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या सेलर्स होममध्ये एका नोंदवहीत आहेत. तिची दुसरी प्रत चितगावला आहे.